राज्यघटना हाती घेऊन सत्तेची वाटणी कशी तपासावी

कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ ते राबवतं आणि न्यायमंडळ त्यांचा अर्थ लावतं. शाळेतलं हे वाक्य चुकीचं नाही, पण सत्ता नेमकी कुठे अडते ते त्यावरून कळत नाही. ही तीन नावं जवळपास प्रत्येक घटनेत असतात, हुकूमशहांच्या घटनांतही असतात. तपासायचं ते वेगळंच: एकाने ‘नाही’ म्हटलं, किंवा काहीच म्हटलं नाही, तर दुसऱ्याचं काम थांबतं का, किती दिवस थांबतं आणि तो अडसर कोण काढू शकतं.

खालची पद्धत कुठल्याही देशाच्या घटनेला लावता येते. पायऱ्यांचा क्रम शक्यतो बदलू नका, कारण पहिल्या पायरीचं उत्तर पुढे सतत लागतं.

तयारी

घटनेची आजपर्यंतच्या दुरुस्त्यांसह असलेली प्रत घ्या. भारताच्या अधिकृत प्रतीत बदललेला मजकूर चौकटी कंसात असतो आणि तळटीपेत दुरुस्तीचा क्रमांक व ती कधीपासून लागू झाली ते असतं. नवखा वाचक या तळटीपा हमखास सोडून देतो. पण कुठली वाट कधी उघडी पडली आणि कधी बुजवली गेली, याचा इतिहास तिथेच असतो. १९७६ ची ४२वी आणि १९७८ ची ४४वी दुरुस्ती जिथे जिथे दिसेल तिथे खूण करा. दुसरी गरज सभागृहाच्या कामकाजाच्या नियमांची. घटना म्हणते ‘सभागृहाने मंजूर केल्यास’, पण विषय चर्चेला कधी घ्यायचा हे नियमांत असतं, आणि अनेकदा खरी किल्ली तिथेच असते.

मग एका मोठ्या कागदावर तक्ता आखा. आडव्या ओळींत एकेक अधिकार. रकाने सहा: अधिकार कोणाचा, कलम कुठलं, कोण अडवू शकतं, किती मतांनी, किती मुदतीत, आणि मुदत उलटली तर काय होतं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो रिकामा राहिला तर ‘घटना गप्प आहे’ असं लिहा. आपल्या अंदाजाने भरू नका.

पायरी १: सरकार कोणाच्या जिवावर उभं आहे?

सरकारप्रमुखाला मुदतीआधी कोण घरी पाठवू शकतं, एवढाच प्रश्न विचारा. उत्तर ‘संसद, साध्या बहुमताने, राजकीय कारणासाठी’ असेल तर ती संसदीय पद्धत. उत्तर ‘फक्त गैरवर्तन सिद्ध झाल्यास, महाभियोगाने’ असेल तर अध्यक्षीय. राष्ट्राध्यक्ष थेट निवडून येतो आणि शिवाय संसदेला जबाबदार असा पंतप्रधानही असतो, तर ती मिश्र पद्धत. १९५८ ची फ्रान्सची घटना हे तिचं परिचित उदाहरण.

अमेरिकेत मंत्री काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्य असूच शकत नाही. भारतात उलट: मंत्र्याला सहा महिन्यांत संसदेच्या कुठल्या तरी सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं, नाहीतर मंत्रिपद जातं. म्हणजे संसदीय पद्धतीत कायदेमंडळ आणि कार्यकारी मंडळ या मुळातच एकमेकींत गुंतलेल्या संस्था आहेत. ‘आपल्याकडे सत्ताविभाजन काटेकोर नाही’ ही तक्रार ऐकू येते ती इथून. पण तो दोष नव्हे, रचनाच तशी आहे. तिथे अंकुश दोन इमारतींमध्ये शोधू नका. तो सभागृहाच्या आत, सत्ताधारी बाक आणि विरोधी बाक यांच्यामध्ये असतो, आणि काही प्रमाणात सत्ताधाऱ्यांच्याच मागच्या बाकांवर.

अविश्वास ठरावाचीही जात पाहा. भारतात नुसतं ‘विश्वास नाही’ म्हणणं पुरतं: १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडलं, पुढचं सरकार कोणाचं हे ठरलेलं नसताना. जर्मनीत १९४९ च्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे तिथल्या घटनेच्या, कलम ६७ प्रमाणे नवा चान्सेलर (सरकारप्रमुख) त्याच मतदानात निवडल्याशिवाय जुना हटत नाही. त्या मार्गाने तिथे सत्तांतर एकदाच झालं, १९८२ मध्ये, श्मिट जाऊन कोल आले तेव्हा. ठराव संसदेचाच, पण जर्मनीतलं सरकार संसदेपुढे बरंच निर्धास्त असतं.

पायरी २: एका विधेयकाच्या मागे चाला

एक साधं विधेयक घ्या आणि मांडल्यापासून राजपत्रात छापून येईपर्यंत प्रत्येक टेबलावर थांबा. प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न: हे टेबल विधेयक कायमचं मारू शकतं, की नुसतं लांबवू शकतं, की त्याला काहीच करता येत नाही?

दुसरं सभागृह हे याचं उत्तम उदाहरण. ब्रिटनमध्ये १९११ आणि १९४९ च्या संसद कायद्यांमुळे हाउस ऑफ लॉर्ड्सकडे, म्हणजे तिथल्या दुसऱ्या सभागृहाकडे, धनविधेयक (फक्त कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक) महिनाभर आणि इतर बहुतेक सरकारी विधेयकं साधारण वर्षभर लांबवण्यापुरतीच ताकद उरली. भारतात राज्यसभा साधं विधेयक फेटाळू शकते, मग दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीची वाट असते. तिथे लोकसभेची संख्या भारी पडते. विधेयकासाठी अशी बैठक आजवर १९६१, १९७८ आणि २००२ अशी तीनदाच झाली. घटनादुरुस्तीला मात्र संयुक्त बैठकीची सोयच नाही, म्हणजे तिथे राज्यसभेचा ‘नाही’ अंतिम. धनविधेयकावर राज्यसभेच्या हाती फक्त १४ दिवस आणि शिफारशी. आणि एखादं विधेयक धनविधेयक आहे की नाही हे कोण ठरवतं? लोकसभेचे अध्यक्ष. तक्त्यात हे लाल शाईने लिहा. एका प्रमाणपत्राने दुसऱ्या सभागृहाचा अधिकार गळून पडत असेल, तर ते प्रमाणपत्र देणारा हा स्वतंत्र सत्ताकेंद्र असतो. २०१६ चा आधार कायदा असाच धनविधेयक म्हणून मंजूर झाला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

शेवटचं टेबल राष्ट्रप्रमुखाचं. अमेरिकेत रविवार वगळून १० दिवस. सही नाही, परत पाठवणंही नाही, तर विधेयक आपोआप कायदा होतं. मात्र त्या काळात काँग्रेसचं अधिवेशन संपलं आणि त्यामुळे विधेयक परत पाठवता आलं नाही, तर ते मरतं. नकाराधिकार वापरला तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं जमवावी लागतात. भारतात राष्ट्रपती साधं विधेयक एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. संसदेने साध्या बहुमताने ते पुन्हा मंजूर केलं की सही बंधनकारक. कागदावर हा नकाराधिकार अमेरिकेच्या तुलनेत फारच लेचापेचा दिसतो. पण आता शेवटचा रकाना भरून पाहा. कलम १११ मध्ये सहीसाठी मुदतच नाही. १९८६ च्या टपाल दुरुस्ती विधेयकावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. विधेयक तिथेच राहिलं. राज्यपालांबाबत कलम २०० ‘शक्य तितक्या लवकर’ एवढंच म्हणतं आणि राज्य सरकारं व राज्यपाल यांच्यातले अलीकडचे कितीतरी खटले याच शब्दांवर उभे आहेत.

नियम म्हणून लक्षात ठेवा: मुदत नसलेला होकार हा न लिहिलेला नकाराधिकार असतो.

पायरी ३: पैशाची चावी

इथे फार वेळ जात नाही, पण वगळू नका. कर कोण लावतं, खर्चाला मंजुरी कोण देतं आणि मंजुरी मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं, ते शोधा. अमेरिकेत निधी मंजूर झाला नाही की सरकारी कामकाज बंद पडतं, राष्ट्राध्यक्ष मात्र पदावर राहतो; २०१८-१९ च्या हिवाळ्यात अशी टाळेबंदी ३५ दिवस चालली. संसदीय पद्धतीत अर्थसंकल्प पडला की सरकारच पडतं, म्हणून सत्ताधारी पक्ष तिथे एकही मत निसटू देत नाही. अंकुश जितका जालीम, तितका तो वापरला जाण्याचा संभव कमी.

एक बारीक गोष्ट मात्र पाहाच. कुठला खर्च मतदानाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे? भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन आणि महालेखापरीक्षकांचं वेतन एकत्रित निधीवर भारित असतं. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. अमेरिकेच्या घटनेत पदावरच्या न्यायाधीशाचं वेतन कमी करता येत नाही. निकाल आवडला नाही म्हणून पगार रोखण्याचा मोह होऊ नये, यासाठी ही तरतूद.

पायरी ४: नेमणूक आणि हकालपट्टी

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात, कारण लोक ‘न्यायाधीशांना राष्ट्रपती नेमतात’ एवढं वाचून पुढे जातात. प्रत्येक महत्त्वाच्या पदासाठी सहा गोष्टी वेगवेगळ्या लिहा: नाव कोण सुचवतं, पक्कं कोण करतं, मुदत किती, पुन्हा नेमणूक होते का, हटवतं कोण, आणि अशा पदांची एकूण संख्या कोण ठरवतं.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तसा नाही. अमेरिकेच्या घटनेत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची संख्या लिहिलेलीच नाही. ती साध्या कायद्याने ठरते. १७८९ मध्ये ६ होती, १८६९ पासून ९ आहे. न्यायालय आपले कायदे रद्द करतंय म्हणून राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी १९३७ मध्ये ही संख्या १५ पर्यंत नेण्याची योजना आणली. काँग्रेसमध्ये त्यांच्याच पक्षाचं मोठं बहुमत होतं, तरी ती बारगळली. पण घटनेत तिला अडवणारा एकही शब्द नव्हता. न्यायाधीशांना तहहयात पद, कपात न होणारं वेतन, हटवायला महाभियोग, एवढा बंदोबस्त असूनही बाजूची खिडकी उघडीच. भारतातही सर्वोच्च न्यायालयाची संख्या संसद कायद्याने ठरवते: १९५० मध्ये सरन्यायाधीश धरून ८, २०१९ पासून ३४.

नाव सुचवणं आणि पक्कं करणं एकाच हाती असेल तर तो अधिकार खरा एकहाती असतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष नाव देतो, सिनेट (काँग्रेसचं वरचं सभागृह) मान्य करते. इथेही गप्प राहण्याचं हत्यार चालतं: मार्च २०१६ मध्ये ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं आणि सिनेटने त्यावर सुनावणीच घेतली नाही. नाव फेटाळलं नाही, मतदान नाही, फक्त मुदत सरली. जर्मनीत घटना न्यायालयाचे १६ न्यायाधीश, निम्मे एका सभागृहाने आणि निम्मे दुसऱ्याने निवडलेले, दोन-तृतीयांश मतांनी, १२ वर्षांसाठी आणि फेरनिवड नाही. दोन-तृतीयांशची अट म्हणजे विरोधकांशी बोलणी करणं भागच. फेरनिवड नाही म्हणजे निकाल लिहिताना पुढच्या नेमणुकीकडे डोळा ठेवायचं कारण उरत नाही. भारतात १९९३ च्या निकालापासून न्यायाधीशांच्या निवडीत न्यायवृंदाचा (कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांचा गट) शब्द प्रमुख ठरला. तो बदलण्यासाठी आणलेली ९९वी घटनादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ४ विरुद्ध १ अशी रद्द केली. न्यायमंडळ स्वतःच स्वतःची माणसं निवडतं, ही रचना जगात दुर्मीळच आहे. तक्त्यात ‘कोण अडवू शकतं’ या रकान्यात ‘सरकार, फाइल रोखून’ असं लिहावं लागतं, कारण शिफारस झाल्यावर नेमणुकीचा आदेश काढायला पक्की मुदत नाही.

हकालपट्टीचं गणित नीट वाचा. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्यासाठी प्रत्येक सभागृहात दोन अटी एकदम पाळाव्या लागतात: एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन-तृतीयांश. १९९३ मध्ये एका न्यायमूर्तींविरुद्धच्या प्रस्तावावर लोकसभेत बाजूने १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही. २०५ सदस्य तटस्थ राहिले. दुसरी अट आरामात पूर्ण झाली, पहिली झाली नाही आणि प्रस्ताव पडला. ‘एकूण सदस्य’ असं कलमात असेल तर घरी बसलेला सदस्यही विरोधात मत देत असतो. ‘हजर व मतदान करणारे’ असेल तर तो मोजलाच जात नाही. हे दोन शब्दप्रयोग जिथे दिसतील तिथे अधोरेखित करा.

अमेरिकेचा महाभियोगही असाच वाचा: कनिष्ठ सभागृहात साधं बहुमत, सिनेटमध्ये दोन-तृतीयांश. १८६८, १९९८, २०१९ आणि २०२१ अशा चार वेळा राष्ट्राध्यक्षावर दोषारोप झाला, दोषी एकदाही ठरवलं गेलं नाही. आरोप करणं सोपं, हटवणं जवळपास अशक्य.

पायरी ५: न्यायालय कुठवर पोचतं?

न्यायालयाला कायदा रद्द करता येतो हे गृहीत धरू नका. नेदरलँड्सच्या घटनेतलं कलम १२० न्यायालयांना संसदेचा कायदा घटनेवर घासून पाहायला मनाई करतं. स्वित्झर्लंडमध्येही संघराज्याचे कायदे न्यायालयांना लागू करावेच लागतात; तिथे अंकुश मतदारांच्या हाती आहे, १०० दिवसांत ५०,००० सह्या जमल्या तर कायद्यावर सार्वमत. अमेरिकेत हा अधिकार घटनेत स्पष्ट शब्दांत नाही, तो न्यायालयाने १८०३ च्या मार्बरी खटल्यात घेतला. भारतात तो कलम १३, ३२ आणि २२६ मध्ये सरळ लिहिला आहे.

दाद कोण मागू शकतं हेही बघा. फ्रान्समध्ये कायदा घटनेला धरून आहे का ते घटना परिषद पाहते; तिच्याकडे कायदा पाठवायला आधी फक्त वरच्या चार पदाधिकाऱ्यांनाच परवानगी होती. १९७४ मध्ये ६० खासदारांना ती मिळाली, आणि २०१० पासून चालू खटल्यातल्या पक्षकारालाही प्रश्न उपस्थित करता येतो. न्यायालय तेच, पण दरवाजा उघडला तशी त्याची ताकद कितीतरी पटींनी वाढली.

घटनादुरुस्तीला न्यायालय हात लावू शकतं का, हा स्वतंत्र प्रश्न. भारतात केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांनी २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ असा निकाल दिला: संसद घटना बदलू शकते, तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. जर्मनीने हीच गोष्ट कलम ७९ मध्ये आधीच लिहून ठेवली. पहिल्यात चौकट म्हणजे काय हे न्यायालय ठरवतं, दुसऱ्यात यादी ठरलेली आहे. हा फरक तक्त्यात टिपा.

आणि निकाल अमलात कोण आणतं? न्यायालयाकडे ना तिजोरी, ना फौज. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश देण्याचा आदेश राज्याने धुडकावला, तेव्हा तो पाळला गेला तो राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सैन्य पाठवलं म्हणून.

पायरी ६: आणीबाणी आणि वटहुकूम

इथे सावकाश जा. बाकीचा तक्ता कितीही भक्कम असला तरी या पायरीवर तो एका कलमाने कोलमडू शकतो.

प्रत्येक आणीबाणीच्या तरतुदीला हे विचारा: ती जाहीर कोण करतं, संसदेकडे किती दिवसांत यावं लागतं, संपवायला किती मतं लागतात, आणि आणीबाणीत संसद बरखास्त करता येते का. शेवटचा प्रश्न विसरू नका. तो विसरल्याचं काय होतं ते जर्मनीच्या १९१९ च्या वायमार घटनेत दिसतं. तिच्या कलम ४८ ने राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीचे हुकूम काढायचा अधिकार दिला होता, पण संसदेने मागणी केली तर हुकूम मागे घेणं बंधनकारक होतं. एकटं वाचलं तर चांगलं संतुलित कलम. आता कलम २५ शेजारी ठेवा: राष्ट्राध्यक्ष संसद बरखास्त करू शकतो. १८ जुलै १९३० ला संसदेने चान्सेलर ब्र्युनिंगच्या सरकारचा हुकूम रद्द केला. त्याच दिवशी संसद बरखास्त झाली आणि त्याच महिन्यात हुकूम पुन्हा निघाला. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी पक्ष १२ जागांवरून १०७ वर गेला. १९३१ मध्ये संसदेच्या कायद्यांपेक्षा असे हुकूम जास्त निघाले. कुठलंही कलम मोडलं गेलं नव्हतं. एका कलमाने दिलेला अंकुश दुसऱ्याने काढून घेतला होता. म्हणून कलमं कधीच एकेकटी वाचायची नाहीत. ‘अडवणारा’ सापडला की लगेच ‘अडवणाऱ्याला घरी पाठवणारा’ शोधायचा.

याच्या उलट उदाहरण दक्षिण कोरियाचं. तिथल्या १९८७ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला संसद बरखास्त करायचा अधिकार ठेवलेला नाही. शिवाय कलम ७७ म्हणतं, एकूण सदस्यांच्या बहुमताने मागणी झाली तर लष्करी कायदा उठवावाच लागेल. सदस्य ३००, म्हणजे १५१ हवेत. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन यांनी लष्करी कायदा पुकारला, सैनिक संसदेच्या इमारतीत शिरले. सदस्य तरीही आत पोचले, काही कुंपणावरून, आणि काही तासांतच १९० विरुद्ध ० असं मतदान झालं. पहाटे लष्करी कायदा मागे घेतला गेला. १४ डिसेंबरला महाभियोग मंजूर झाला आणि ४ एप्रिल २०२५ ला घटना न्यायालयाने एकमताने युन यांना पदावरून काढलं. इथे ‘एकूण सदस्य’ या अटीमुळे एक व्यावहारिक धोकाही दिसतो. १५१ माणसं प्रत्यक्ष सभागृहात पोचणं आवश्यक होतं, म्हणूनच ती रात्र इमारतीच्या दारांवर लढली गेली.

भारताच्या कलम ३५२ मध्ये ४४व्या दुरुस्तीने काय बदललं ते तळटीपांसह वाचा. जून १९७५ मध्ये पंतप्रधानांच्या सल्ल्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. त्यानंतर आलेल्या अटी अशा: मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र बंड’, एका महिन्यात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने (पायरी ४ मधल्या दोन अटी एकदम) मंजुरी, दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी, आणि लोकसभेच्या एक-दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर १४ दिवसांत खास बैठक. यातली शेवटची अट लोकांच्या फारशी लक्षात नसते. सरकारच्या मर्जीशिवाय सभागृह बोलावता येणं हा अंकुशाचा पाया आहे, कारण बैठकच झाली नाही तर मतं मोजायची कुठे?

वटहुकुमाचं गणित त्या मानाने सोपं. भारतात दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत वटहुकूम मंजूर झाला नाही तर तो संपतो. म्हणजे जास्तीत जास्त साडेसात महिने. मग बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम वारंवार काढून चालू कसे राहिले, त्यातला एक तर १४ वर्षांच्या आसपास? संपला की तोच मजकूर नव्या तारखेने पुन्हा काढायचा. घटनेत मुदत होती, पुनरावृत्तीला बंदी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये याला घटनेची फसवणूक म्हटलं. तुमच्या तक्त्यात ‘मुदत’ लिहिताना शेजारी ‘पुन्हा करता येतं का?’ हे लिहायची सवय लावा.

पायरी ७: वरून खाली वाटणी

संघराज्य असेल तर विषयांच्या याद्या वाचा, पण याद्यांत न आलेला विषय कोणाचा हे आधी पाहा. अमेरिका आणि जर्मनीत तो राज्यांचा, भारत आणि कॅनडात केंद्राचा. मग यादी ओलांडायच्या वाटा शोधा: भारतात राज्यसभेने दोन-तृतीयांश मतांनी ठराव केला तर राज्यसूचीतल्या विषयावर संसद कायदा करू शकते, ठराव एका वेळी वर्षभर टिकतो. राष्ट्रपती राजवटीच्या कलम ३५६ ला १९९४ च्या बोम्मई निकालानंतर लगाम बसला: बहुमत आहे की नाही हे राजभवनात नव्हे, सभागृहात ठरेल.

मतांचं वजन वेगळं असेल तर कागद-पेन्सिल घ्या. भारताच्या वस्तू व सेवा कर (जीएसटी) परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक-तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन-तृतीयांश आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश हवं. राज्यं एकजुटीने उभी राहिली तरी बेरीज ६७ टक्क्यांच्या आतच राहते. म्हणजे केंद्राशिवाय निर्णय नाही. आणि तीन-अष्टमांशाहून जास्त राज्यांच्या गटाने विरोध केला तर केंद्रालाही निर्णय रेटता येत नाही.

पायरी ८: तीन खांबांबाहेरचे पहारेकरी

महालेखापरीक्षक, निवडणूक आयोग, लोकपालासारखी पदं. पायरी ४ चे सहा प्रश्न यांनाही लावा. ज्याच्यावर नजर ठेवायची त्यानेच नेमायचं, त्यानेच पुढचं पद द्यायचं, अशी रचना दिसली तर कुंपणच शेत खाणार हे धरून चाला. भारतात महालेखापरीक्षकाला निवृत्तीनंतर दुसरं सरकारी पद घेता येत नाही, ती खबरदारी याचसाठी. अहवाल कोणाकडे जातो हेही पाहा. भारतात तो संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातो आणि १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. प्रघात, नियम नव्हे. तक्त्यात अशा गोष्टी वेगळ्या शाईने लिहा, कारण त्या मोडल्या तर न्यायालयात जाऊन फारसं काही हाती लागत नाही.

पायरी ९: पक्ष मध्ये आणा

आतापर्यंतचा तक्ता असं गृहीत धरतो की प्रत्येक संस्था आपापला अधिकार जपेल. प्रत्यक्षात एकाच पक्षाची माणसं दोन-तीन ओळींत बसलेली असतात. सध्याच्या पक्षीय बलाबलाप्रमाणे प्रत्येक ओळ रंगवा आणि अडवणारा व अडवला जाणारा एकाच रंगाचे किती वेळा येतात ते मोजा.

पक्षादेश मोडला तर सदस्याचं काय होतं, यावर पायरी १ चं सगळं उत्तर बदलू शकतं. १५ जानेवारी २०१९ ला ब्रिटनमध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांचा ब्रेक्झिट करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. विरोधात गेलेल्यांत त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार होते. त्या मतामुळे कोणाची खासदारकी गेली नाही. भारतात १९८५ च्या ५२व्या दुरुस्तीनंतर पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, आणि तो निर्णय सभागृहाचे अध्यक्ष देतात. घोडेबाजार रोखायला आणलेली ही तरतूद, पण मागच्या बाकावरून सरकारला जाब विचारणारा सदस्यही तिच्या तडाख्यात येतो. अध्यक्षांनी निर्णय किती दिवसांत द्यावा? ही तरतूद ज्या दहाव्या अनुसूचीत आहे, तिच्यात मुदत नाही. पुन्हा तोच रिकामा रकाना.

तक्ता तपासून पाहणे

तक्ता बरोबर झाला का हे एखाद्या घडलेल्या पेचावर कळतं. ब्रिटनचा २०१९ चा घ्या. बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने संसद पाच आठवड्यांसाठी स्थगित केली. सल्ला देणारे पंतप्रधान. राणी तो नाकारत नाही, हा प्रघात. संसद स्वतःहून परत बसू शकत नाही. लेखी घटना एका जागी नाही. तुमचा तक्ता इथे ‘कोणीच अडवू शकत नाही’ असं दाखवत असेल तर पायरी ५ अर्धवट राहिली आहे. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ती स्थगिती बेकायदा आणि म्हणून झालीच नाही असं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी संसद बसली. असे दोन-तीन पेच वेगवेगळ्या देशांतले लावून पाहा. उत्तर चुकलं तर बहुतेक वेळा कारण एकच निघतं: कलम वाचलं गेलं, पण त्याच्या शेजारचं वाचायचं राहिलं.